शिष्यवृत्तीचा अर्ज आणि जमिनीचा दावा

(बारावी झालेली मुलं-मुली आणि त्यांचे आई-बाप यांची बैठक जून २०१० मध्ये धारणी तालुक्यात झाली. तिथं संघटनेच्या एका कार्यकर्तीने केलेलं हे भाषण. अर्धं कोरकूत आणि अर्धं मराठीत झालेलं बोलणं इथं मराठीत लिहून दिलं आहे. ज्या गावात वाचता येणारं कुणी असेल त्यानं ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवावं.)



आज इथं आडा पटेल बसले आहेत, वनहक्क समितीचे भाऊ आहेत, माय-माउल्या आहेत, आणि समोर बारावी झालेले पोट्टे-पोट्टी आहेत. पटेलबाबांनी मला आल्या आल्याच विचारलं, "बाई, हे मीटिंग जमिनीची हाय का शाळेची?" मी म्हटलं, बाबा, दोन्हीची. कशी ते आता सांगते.

बारावीचा निकाल लागला. तुम्ही धारणीला, परतवाड्याला, अमरावतीला, अकोटला, जिथं जमेल तिथं कॉलेजात नाव टाकणार. नाव टाकलं की एक अर्ज हातात येईल. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती म्हणतात तिला. पैसा केंद्र सरकारचा, आणि आपल्या लोकांसाठी तो राज्याच्या आदिवासी विकास विभागाकडून येतो. त्यातून कॉलेजची फी आणि महिन्याचा निर्वाह भत्ता मिळतो. ही भीक नाही आणि कुणाची मेहेरबानीही नाही, आपला हक्क आहे.

त्या अर्जाच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असते "वैयक्तिक माहिती". नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, जात-जमात, धर्म, मातृभाषा, पत्ता, बापाचा धंदा, जमीन, उत्पन्न. सगळ्यांना वाटते हे सोप्पं पान आहे. झेरॉक्सच्या दुकानातला पोरगा दहा-वीस रुपये घेते आणि पाच मिनिटात भरून देते. तो विचारते, "बाप काय करते?" आपण म्हणतो, "मजुरी." तो विचारते, "शेती?" आपण म्हणतो, "सातबारा नाही." तो लिहिते: भूमिहीन. आपण खाली सही करतो. झालं.

आता दुसरा कागद पाहा. हा वनहक्काचा नमुना अ. इथल्या बहुतेकांच्या बापानं हा भरला आहे. यात काय आहे? दावा करणाऱ्याचं नाव, नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव, आई-बापाचं नाव, पत्ता, गाव, ग्रामपंचायत, तहसील, जिल्हा, अनुसूचित जमातीचे आहात का, असाल तर दाखल्याची प्रत, आणि घरातल्या बाकी माणसांची नावं वयासकट. त्या बाकी माणसांत तुमचं नाव आहे, पोट्ट्यांनो.

दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहा. दोघांचे रकाने जवळजवळ सारखेच आहेत. एक कागद लेकराच्या शिक्षणासाठी, एक बापाच्या जमिनीसाठी, पण दोन्ही एकाच घराबद्दल बोलतात. आणि आपल्या किती घरांत हे दोन कागद दोन वेगळ्या गोष्टी सांगतात! जमिनीच्या दाव्यात बाप म्हणते, मी ही जमीन आजोबापासून कसतो. पोरीच्या अर्जात तोच बाप भूमिहीन. मला आज एवढीच एक गोष्ट सांगायची आहे: हे दोन कागद एकच बोलले पाहिजेत, आणि दोन्ही खरं बोलले पाहिजेत. आता एकेक रकाना घेऊ.

पहिला रकाना, नाव. आपल्याकडं लेकराला घरी एक नाव असते आणि शाळेत दुसरं. घरी मुन्नी, शाळेत सविता. नमुना अ भरताना समितीच्या भावानं घरी येऊन विचारलं, "लेकरं किती?" मायनं सांगितलं, "मुन्नी, छोटू." तेच लिहिलं गेलं. वनहक्काचा पट्टा विकता येत नाही, पण वारसाकडं जाते, असं कायदाच म्हणते. उद्या बाप गेल्यावर सविता वारस म्हणून उभी राहील तेव्हा कागदावर मुन्नी असेल. मग सविता आणि मुन्नी एकच हे सांगायला कुठं कुठं जाल? दावा अजून समितीकडं असेल तर आजच समितीला सांगून शाळेचं नाव लिहून घ्या. घरचं नाव कंसात राहू द्या.

मग आडनाव. आपली कुळं आहेत. कासदा, बेठे, जांबू. महाराष्ट्राच्या कागदावर त्यांच्या मागं "कर" लागला आणि कासदेकर, बेठेकर, जांबेकर झालं. सीमेपलीकडं खंडवा, बुऱ्हाणपूर, बैतुलकडं आपलेच सोयरे कास्दे, बेठे असं लिहितात. वाचणाऱ्या बाबूला वाटते, "कर" म्हणजे गावावरून पडलेलं आडनाव. त्याला काय माहीत की हे कुळ आहे आणि एका कुळात आपण लग्न करत नाही. वरून इंग्रजीत लिहिताना एका ठिकाणी "ए" जास्त, एका ठिकाणी कमी.

मी स्वतः बारावीच्या पुढं गेले नाही. का, ते सांगते. रडायला नाही, समजायला. माझ्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव एक, घरच्या राशन कार्डावर दुसरं, आणि जातीच्या दाखल्यावर दोन्हीच्या मधलं तिसरंच. तीन जागी तीन बाबूंनी आपापल्या कानाला ऐकू आलं तसं लिहिलं. आम्हाला कुणी वाचून दाखवलं नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला, म्हणाले प्रतिज्ञापत्र आणा. ते करून आणेपर्यंत तारीख गेली. फी भरायला घरी पैसा नव्हता. त्या हंगामात मी अकोटकडं कपाशी वेचायला गेले. माझ्या मार्कांत काही कमी नव्हतं. एक अक्षर इकडचं तिकडं होतं.

म्हणून सांगते. आता आडनाव बदलायच्या मागं लागू नका. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, टीसीवर, जे आहे तेच अक्षर न् अक्षर सगळीकडं लिहा. बँकेच्या खात्यावरही तेच. आणि जिथं वंशावळ लिहायची असते तिथं कुळाचं नाव वेगळं लिहा. "आडनाव कासदेकर, कुळ कासदा." कोणताही दाखला हातात पडला की खिडकीवरून हलायच्या आधी वाचा. वाचता येत नसेल तर ज्याला येते त्याला सोबत न्या.

जन्मतारीख. आश्रमशाळेत नाव टाकताना गुरुजी विचारते, "कधी जन्मलं?" माय म्हणते, "मोहाची फुलं पडत होती तेव्हा." गुरुजी लिहिते, १ जून. म्हणून आपल्यातल्या किती पोट्ट्यांचा वाढदिवस एकाच दिवशी येते! हसू नका. शाळेच्या रजिस्टरात जी तारीख बसली तीच पुढं चालते. नमुना अ मध्ये वय लिहिताना त्याच तारखेवरून हिशेब करा.

आता मोठा रकाना, जात-जमात. इथं "आदिवासी" एवढंच लिहून चालत नाही. "एसटी" एवढंही चालत नाही. सरकारच्या यादीत जमातीचं नाव आहे, ते लिहायचं. आपलं नाव कोरकू. आपल्या भाषेत कोरो म्हणजे माणूस, आणि कोरकू म्हणजे माणसं. यादीत एकाच नोंदीत कोरकू, बोपची, मवासी, निहाल, नहुल, बोंधी, बोंडेया अशी नावं आहेत. म्हणजे आपले निहाल भाऊही त्याच नोंदीत आहेत. ज्याच्या आजोबाच्या कागदावर निहाल लिहिलं आहे त्यानं निहालच लिहावं, लाजायचं काही काम नाही. गोंड भावांनी गोंड लिहावं. कागद जे म्हणते तेच अर्जानं म्हणावं.

अकोट-तेल्हाऱ्याकडचे आणि अंजनगाव-परतवाड्याकडचे पाहुणे आज आले आहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट नीट सांगते. पूर्वी अमरावती जिल्ह्यात फक्त मेळघाट तालुक्यातला कोरकू सरकारच्या लेखी अनुसूचित जमातीचा होता. यवतमाळकडं केळापूर, वणी आणि यवतमाळ तहसील, चांद्याकडं गडचिरोली आणि सिरोंचा, एवढ्याच भागातले आदिवासी विदर्भात धरले जात. तोच कोरकू डोंगर उतरून अकोटला राहायला गेला की सरकारच्या लेखी आदिवासी नव्हता! देव तोच, बोली तीच, सोयरीक तीच, फक्त घाट उतरला. १९७६ च्या कायद्यानं ही हद्द काढली आणि १९७७ पासून ते लागू झालं. म्हणून तुमच्या आजोबाच्या, बापाच्या शाळेच्या जुन्या नोंदीत "अनुसूचित जमात" हे शब्द नसतील. घाबरू नका. तिथं "कोरकू" हा शब्द आहे का ते पाहा. तोच महत्त्वाचा.

असा जुना शब्द कुठं सापडेल? प्राथमिक शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात. आणि आपल्या वऱ्हाडात एक चांगली गोष्ट आहे, ती म्हणजे कोतवाल बुक. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, हे कोतवाल सांगायचा आणि त्याची नोंद व्हायची. त्यात जातही लिहिली जायची. आजोबा कोणत्या सालच्या आसपास जन्मले, त्यांच्या भावाची, बहिणीची नोंद आहे का, हे शोधा आणि तहसीलमधून नक्कल मागा. राष्ट्रपतींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० चा आहे. त्या तारखेच्या आधीची नोंद सापडली तर तिच्यासारखा पुरावा नाही.

जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी देतात. त्याच्यावर पुन्हा जात वैधता आहे, ती तपासणी समिती देते. महाराष्ट्रात त्यासाठी २००० चा कायदा आहे, आणि तो म्हणते की जात सिद्ध करायची जबाबदारी दावा करणाऱ्याची. म्हणजे आपली. इंजिनिअरिंग, मेडिकलसारख्या शिक्षणाला जाणाऱ्याला वैधता लागतेच, पुढं नोकरीला लागतेच. म्हणून ती अकरावी-बारावीतच मागायला सुरुवात करा. चौकशीला माणूस घरी येऊ शकते. तो विचारेल, तुमचा देव कोणता, कुळ कोणतं, लग्न कसं लावता, माणूस मेल्यावर काय करता. शहरात वाढलेल्या पोट्ट्याला मुठवा देव कुठं बसवतात ते सांगता येत नाही, सिडोली कशी करतात ते माहीत नसते. म्हणून म्हातारे जिवंत आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा, विचारा, वहीत लिहून ठेवा. परीक्षेसाठी नाही, आपलं आहे म्हणून. वेळ आली तर तेही कामी येईल.

बापाकडच्या रक्ताच्या नात्यात एकाची वैधता झाली की ती बाकीच्यांना मोठा आधार होते. काका, चुलत भाऊ, आत्या, कुणाची झाली आहे का विचारा. ज्याची झाली त्यानं कागद पेटीत कुलूप लावून ठेवू नये, भावकीला प्रत द्यावी. आणि लग्न झालेल्या पोरीनं लक्षात ठेवावं की जमात बापाकडून येते, नवऱ्याकडून नाही. तिचे कागद माहेरचेच लागतात.

आता हे जमिनीशी कसं जुळते? वनहक्क कायद्यात अनुसूचित जमातीच्या माणसाला १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा दाखवावा लागते. आपले गवळी, बलई शेजारी आहेत, ते आपल्यासारखेच जंगलात राहतात, पण त्यांना तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं इथं राहिल्याचं दाखवावं लागते. इतका फरक एका दाखल्यानं पडते. आपल्या किती बापांनी नमुना अ मध्ये जमातीचा दाखलाच जोडला नाही, कारण त्यांच्याजवळ तो कधी नव्हताच. पोरीच्या कॉलेजसाठी आजोबाची जी नक्कल काढाल, तीच बापाच्या दाखल्याला लागते. तशीच ती दाव्याच्याही कामी येते. एक चक्कर मारा, दोन कामं करा. शेजाऱ्यांचे ७५ वर्षांचे पुरावे शोधायलाही हात लावा. आजोबाचं गाव त्यांचं आणि आपलं एकच आहे.

धर्माचा रकाना. यावर लय भांडणं होतात, मी भांडण लावायला आले नाही. एवढंच सांगते की अनुसूचित जमातीच्या आदेशात धर्माची अट नाही. या रकान्यात तुम्ही काय मानता ते लिहाल, त्यानं तुमची जमात जात नाही. पण दुकानातल्या पोरानं न विचारता भरू नये. तुम्ही सांगा, मग त्यानं लिहावं.

मातृभाषा. इथं दहातली आठ पोट्टी लिहितात मराठी, नाही तर हिंदी. काहून? वाटते, कोरकू लिहिलं तर मागास दिसू. अरे, घरी मायशी काय बोलता? जे बोलता ते लिहा. आपली भाषा मुंडा कुळातली आहे. संथाली, मुंडारी बोलणारे भाऊ पार झारखंडाकडं आहेत आणि आपण इकडं सातपुड्यात. २००१ च्या जनगणनेत साडेपाच लाखांहून जास्त लोकांनी आपली भाषा कोरकू सांगितली. येत्या फेब्रुवारीत पुन्हा जनगणना आहे, गुरुजी घरोघर येतील आणि हाच रकाना विचारतील. शाळेत कोरकू समजणारा मास्तर मागायचा असेल तर आधी कागदावर कोरकू बोलणारी लेकरं दिसली पाहिजेत.

पत्ता. कायमचा पत्ता आणि सध्याचा पत्ता असे दोन असतात. दिवाळीनंतर आपली अर्धी वाडी हरभरा सोंगायला, संत्र्याच्या बागांत कामाला खाली जाते. म्हणून कुणी कायमच्या पत्त्यात ठेकेदाराचा किंवा शेतमालकाचा पत्ता देऊ नका. कायमचं म्हणजे आपलं गाव. व्याघ्र प्रकल्पासाठी मेळघाटातून उठवून अकोट तालुक्यात बसवलेले बोरी, कोहा, कुंडचे लोक आहेत. त्यांच्या लेकरांनी कायमच्या पत्त्यात आजचं गाव लिहावं, आणि जिथं मूळ गाव विचारतात तिथं जुनं गाव जरूर लिहावं. पुनर्वसनाचे कागद सोबत जोडावे. नाही तर वीस वर्षांनी तुमचं लेकरू विचारेल, आपण कुठले, आणि कागदावर जुन्या गावाचं नावच नसेल. एक आणखी. वनहक्काच्या नियमांत पुरावा म्हणून मतदार कार्ड, राशन कार्ड, घरपट्टीची पावती, रहिवासी दाखला हे सगळं चालते. कॉलेजसाठी रहिवासी दाखला काढाल तर त्याची एक प्रत बापाच्या दाव्याला लावा.

आता सगळ्यात वाईट रकाना, बापाचा व्यवसाय आणि जमीन. दलाल काय सांगते? "भूमिहीन लिहा, दाखला लवकर मिळते. शेती लिहिली तर भानगड." मी विचारते, कसली भानगड? तीन एकर उतारावरची कुटकी आणि मका विकून कुणी शिष्यवृत्तीच्या उत्पन्न मर्यादेच्या जवळ तरी जाते का? शेती लिहिल्यानं शिष्यवृत्ती जात नाही. पण भूमिहीन लिहिल्यानं काय जाऊ शकते ते पाहा. दाव्याची पडताळणी चालू आहे. वनखात्याचा माणूस म्हणते, ही शेती नाही, आत्ताची झाडतोड आहे. आपण म्हणतो, बापजाद्याची आहे. आणि त्याच घरातून, त्याच सालात, आपल्याच सहीचा सरकारी अर्ज म्हणते की या घराला जमीन नाही. असा कागद आपण आपल्या हातानं का तयार करून ठेवावा?

मग काय लिहायचं? खरं लिहायचं. व्यवसाय: शेती व मजुरी. मोह, तेंदू गोळा करत असाल तर वनउपज गोळा करणे, हेही. जमीन: "सातबारा नाही. वनजमीन कसतो. वनहक्क दावा दाखल." दाव्याचा क्रमांक असेल तर क्रमांक. पट्टा मिळाला असेल तर पट्ट्याचं क्षेत्र. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं असते, तर मायचंही नाव लिहा. रकान्यात जागा पुरत नसेल तर सोबत कागद जोडा. बाबू म्हणेल, "एवढं कायले लिहिलं?" सांगा, साहेब, जे आहे ते लिहिलं.

जुन्या काळी वनखात्यानं आपल्या बापांना जमीन कसली म्हणून दंड केला, पावत्या दिल्या. चोर म्हणून दिलेली ती पावती आज ताब्याचा पुरावा म्हणून कामी येते. ज्यांनी ती छपरात खोसून ठेवली त्यांचा दावा मजबूत झाला. ज्यांनी रागानं फाडली त्यांना आता म्हाताऱ्यांचे जबाब, जुने बांध, घराच्या खुणा जमवाव्या लागत आहेत. नियम म्हणतात की एकाहून जास्त पुरावे पाहिजेत. म्हणून कोणताच कागद लहान समजू नका.

शेवटचा रकाना, उत्पन्न. तहसीलदाराचा दाखला लागते. इथं नियम नीट ऐका, कारण यात आपली लय फसगत होते. आई-बाप दोघं किंवा एक जिवंत असेल तोवर फक्त आई-बापाचं उत्पन्न धरायचं. मोठा भाऊ पुण्याला कंपनीत असेल, काका पोलिसात असेल, त्यांचा पगार धरायचा नाही. पोरीचं लग्न झालं असेल आणि ती कमावत नसेल तर नवऱ्याचं उत्पन्न धरतात. कुणी बाबू म्हणाला, भावाचाही पगार लिही, तर विचारा, कोणत्या नियमानं? पण आई-बापाचं उत्पन्न खोटंही लिहू नका. खोटी माहिती निघाली तर शिष्यवृत्ती बंद होते आणि घेतलेला पैसा परत मागतात. वसतिगृहात फुकट राहणं-जेवणं मिळत असेल तर तेही लपवू नका. भत्ता कमी मिळते, पण हक्कानं मिळते.

आता म्हातारे मनात म्हणत असतील, "हे सारं आमच्यानं कसं होईल?" एकट्यानं नाही होत, बाबा. म्हणून माझी ग्रामसभेला विनंती आहे. प्रत्येक गावानं एक जाड वही करावी. एका घराला दोन पानं. त्यात घरातल्या प्रत्येकाचं शाळेचं नाव आणि घरचं नाव, आडनाव कागदावर आहे तसं, कुळ, आजोबा-पणजोबाचं नाव, मूळ गाव, जमीन किती आणि कोणत्या बाजूला, दाव्याचा क्रमांक, आणि कोणते कागद कुणाजवळ आहेत ते. वनहक्क समितीत एक तृतीयांश बाया असल्याच पाहिजेत असं नियम म्हणतात. त्या बायांनी ही वही सांभाळावी. कुणाच्या किती लेकरांची कोणती नावं, हे त्यांनाच जास्त माहीत असते. जे पोट्टे-पोट्टी आज बारावी झाले त्यांनी पावसाळ्याच्या आत आपापल्या वाडीची वही लिहून द्यावी. हीच तुमची गावाला पहिली फी समजा.

मग कॉलेजचा अर्ज भरायचा तर वही उघडायची आणि वहीतून उतरवायचं. जमिनीचा दावा भरायचा तर तीच वही. जनगणनेचे गुरुजी आले तर तीच वही. झेरॉक्सवाल्यानं फक्त झेरॉक्स काढावी.

आणि दोन शब्द आई-बापांना. काही जण म्हणतात, "पोरगी शिकली की गाव सोडते, मग जमीन कोण पाहील?" काही म्हणतात, "शिकवायचं तर जमिनीचा नाद सोडा." दोन्ही खोटं आहे. लेकराच्या शिक्षणापायी जमिनीवर भूमिहीनचा शिक्का मारून घेऊ नका, आणि जमिनीपायी लेकराला घरी बसवू नका. एका घरानं दोन्ही मागायचं आहे, आणि दोन्ही ठिकाणी तेच नाव सांगून मागायचं आहे.

येत्या बाजाराच्या दिवशी आम्ही चार जण तहसीलसमोर झाडाखाली बसणार आहोत. टीसी, राशन कार्ड, जातीचा दाखला असेल तर तो, आणि नमुना अ ची प्रत घेऊन या. ज्याच्या तीन कागदांवर तीन अक्षरं आहेत त्यानं आधी यावं, कारण प्रतिज्ञापत्राला वेळ लागते आणि कॉलेज कुणासाठी थांबत नाही. पैसे लागणार नाहीत. कोरा अर्ज आणा. भरलेला असेल तर सही करू नका, आधी आम्हाला वाचू द्या.

जंगल-जमीन आमच्या हक्काची! जोहार.